टिंगाटिंगाचे शेण आणि पालकदिनाचा चहा

शेण जमिनीवर पडले की उठताना थोडी माती घेऊनच उठते, असे जाणते लोक म्हणतात. मी तर ते ज्ञानदानाच्या पवित्र हेतूने उचलावयास गेलो होतो. तरीही जी माती चिकटावयाची ती चिकटलीच. तथापि प्रारंभीच नमूद करतो की, या संपूर्ण प्रकरणात विज्ञानाची चूक कोठेही झाली नाही. माझी तर नाहीच नाही.

शिन्यालू रस्त्यावरील आमच्या ग्रामीण तंत्रशाळेत मी चौदा वर्षे भांडारपाल होतो. जैवऊर्जेचे चार दिवसांचे प्रशिक्षण किसुमू शहरी होते, त्यास विज्ञानाचे शिक्षक जावयाचे होते. परंतु नेमके त्याच आठवड्यात त्यांचे लग्न निघाले आणि मी गेलो. प्रमाणपत्र मिळाले. ते मी प्लास्टिकमध्ये बंद करून घेतले, कारण ज्ञानास दमट हवा बाधते. मुख्याध्यापिका पेनिना लिहांडा यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि त्या म्हणाल्या, "हेझ्रॉन, अकरा मुलं देते तुम्हाला. जैवऊर्जा शिकवा. सहा आठवड्यांनी पालकदिन आहे. त्या दिवशीचा चहा तुमच्या मुलांनी केलेल्या गॅसवर उकळला, तर विषय राहील आणि तुम्ही शिक्षक. नाही उकळला, तर मुलं शिवणवर्गात आणि तुम्ही परत तुमच्या किल्ल्यांपाशी. कबूल?"

चहाचे एक भांडे ही विज्ञानाची कसोटी असू शकत नाही, असे माझे मत होते. परंतु मी "कबूल" म्हटले.

आमच्याकडे शिक्षकास 'म्वालिमू' म्हणतात. चौदा वर्षांत मला तसे कोणी संबोधले नव्हते. पहिल्या तासाला मी फळ्यावर 'सेंद्रिय पदार्थांचे प्राणवायुविरहित विघटन व तज्जन्य ज्वलनशील वायू' असे शीर्षक लिहिले. ते एका ओळीत मावले नाही, म्हणून शेवटचे दोन शब्द भिंतीवर लिहावे लागले. सेल्फा नावाची विद्यार्थिनी पहिल्या बाकावरून म्हणाली, "म्वालिमू, म्हणजे झाकण घट्ट लावून शेण कुजवायचं, आणि त्याची जी वाफ निघेल ती पेटवायची, असंच ना?"

मी म्हणालो, "ढोबळमानाने तसे. परंतु ढोबळमानाने बोलण्यासाठी शासन तुम्हांस वह्या पुरवीत नाही."

तिने ते वहीत लिहून घेतले. मुलगी हुशार होती.

आता यंत्राविषयी. यंत्र म्हणजे जाड काळ्या प्लास्टिकची, अजगरासारखी लांब आडवी पिशवी. ती कमरेइतक्या चरात ठेवावयाची, एका तोंडाने शेण-पाणी घालावयाचे, दुसऱ्या तोंडाने खत बाहेर येते आणि पाठीवरील नळीतून गॅस स्वयंपाकघरात जातो. चर खणण्यापूर्वी परवानगी हवी, असे गावच्या मुखियाने सांगितले. म्हणून मी काकामेगाच्या जिल्हा कचेरीत गेलो. अर्जावर तीनच रकाने होते: शौचालय, स्वयंपाकघर, गोठा.

"याच्यात शेण जातं?" साहेबांनी विचारले.

"जाते."

"मग शौचालय."

"परंतु यातून स्वयंपाकाचा गॅस निघतो."

"मग स्वयंपाकघर. आणि शौचालयापासून स्वयंपाकघर तीस मीटर लांब लागतं. तुमचं किती लांब आहे?"

"साहेब, ती एकच वस्तू आहे."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. काही वेळ ते माझ्याकडे, जसे वैद्याने रुग्णाच्या नातेवाइकाकडे पाहावे, तसे पाहत राहिले. मग त्यांना काही सुचले. "याला रोज खायला लागतं?"

"रोज. वेळच्या वेळी."

"पाणी पितं?"

"जेवढे शेण तेवढे पाणी."

"आणि मागून काय पडतं?"

"उत्तम खत."

"अहो, मग जनावर आहे की हे! सरळ सांगायचं सोडून तासभर डोकं खाल्लंत माझं." आणि त्यांनी गोठ्याच्या रकान्यात लिहिले: 'जनावर एक. रंग काळा. शिंगे नाहीत.' नोंद अवैज्ञानिक होती. परंतु शिंगे नाहीत, हे सत्य असल्यामुळे मी स्वाक्षरी केली.

याचा परिणाम असा झाला की, दोन-तीन आठवड्यांनी पशुखात्याचा मनुष्य शाळेत काळ्या जनावरास लस टोचण्यास आला. त्याच्या हातातील सुई पाहताच माझे अकरा विद्यार्थी पिशवीभोवती कडे करून उभे राहिले. "टोचल्याशिवाय मला जाता येत नाही," तो म्हणाला, "वहीत नोंद आहे." अखेर मी त्यास समजावले की, जनावर गाभण आहे, आज टोचू नये. फुगत चाललेल्या पिशवीकडे पाहून त्याला ते पटले. 'स्वभाव शांत' असा शेरा मारून तो गेला.

परंतु मी पुढे गेलो. पिशवी फुगण्यापूर्वी मोठेच संकट उभे राहिले होते, ते म्हणजे शेणाचे.

शिक्षणशास्त्राच्या नियमानुसार मी प्रत्येक विद्यार्थ्यास घरून एक बादली शेण आणण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी अकरा रिकाम्या बादल्या आणि चार संतप्त माता आल्या. ते दिवस घरोघर भिंती लिंपण्याचे होते. "आमच्या घरात एक गाय," एक माता म्हणाली, "ती देते तेवढ्यात एक भिंत होत नाही. पोराला शिकवायचं म्हणून घर उघडं ठेवू का, म्वालिमू?" दुसरी म्हणाली, "गॅसच हवा ना? मग याला उसळ घाला खायला, हा एकटा शाळा चालवील," आणि तिने बरोबर आणलेल्या नवऱ्याकडे बोट दाखविले. शाळेतील सुतारकामाच्या शिक्षकांनी कोंबड्यांची विष्ठा सुचविली. दरवानाने सांगितले की, त्याच्या मेहुण्याने असेच यंत्र केले होते आणि मेहुणा आता मोंबासात असतो. या दोन गोष्टींचा संबंध काय, ते त्याने सांगितले नाही. परंतु मान मात्र बराच वेळ हलविली.

आणि स्वयंपाकघरात कुखू म्बोने होत्या. कुखू म्हणजे आजी. साऱ्या शाळेच्या त्या आजी. तीस वर्षे लाकडाच्या धुरात मक्याच्या पिठाची उगाली घोटून त्यांचे डोळे पिकल्या मिरचीसारखे झाले होते. मी त्यांना म्हटले, "कुखू, तुमचे डोळे वाचतील."

"डोळे माझे आहेत, मी बघते त्यांचं काय करायचं ते," त्या म्हणाल्या. "शेणाच्या विस्तवावरचा चहा मी ओतणार नाही. लोक म्हणतील, म्हातारी गेली आणि जाताना आम्हाला शेण पाजून गेली."

आता शाळेच्या कुंपणाला लागून वृद्ध शिवाची यांचे घर आहे. त्यांना सर्व गाव कुका, म्हणजे आजोबा म्हणतो. त्यांच्यापाशी दोन गाई आणि टिंगाटिंगा नावाचा झुंजीचा बैल. टिंगाटिंगा म्हणजे बुलडोझर, आणि नावात अतिशयोक्ती नव्हती. त्याचा खुराक असा: कोवळे हत्ती गवत, उसाचे वाढे, मळी आणि झुंजीच्या आठवड्यात बुसा नावाच्या गावठी दारूचा गाळ. अशा आहाराचे शेण म्हणजे प्रशिक्षणात आम्हांस ज्याचे केवळ चित्र दाखविले होते, ते. सारे कुंपणापलीकडे, सात पावलांवर. आणि कुका ते रोज सकाळी खड्डा खणून पुरून टाकीत.

मी टोपी काढून त्यांच्या अंगणात गेलो.

"शेण?" कुका म्हणाले. "माझ्या बैलाचं? पाच आठवड्यांनी नदीपलीकडच्या इडाखोवाल्यांच्या बैलाशी झुंज आहे, आणि तू शेण मागतोस? तुला त्यांनी पाठवलं का?"

"कुका, मी विज्ञानाकडून आलो आहे."

"तो कोण? कुठला?"

मी त्यांना समजावले. परंतु त्यांचेही म्हणणे शास्त्रशुद्ध होते, हे मान्य केले पाहिजे. झुंजीच्या बैलाचा केस, खुराखालची माती आणि शेण परक्याच्या हाती लागले, तर त्यावर मंत्र घालून बैलाचे पाय बांधता येतात, हे आमच्याकडे लहान मुलासही माहीत असते. सहा वर्षांपूर्वी एक नामांकित बैल मैदानात उभ्या उभ्या झोपी गेला होता. त्याच्या मालकाने शेण उघड्यावर टाकले होते. मी विचार केला आणि माझ्या आयुष्यातील सर्वोत्तम युक्तिवाद केला.

"कुका, खड्डा कोणीही उकरू शकतो. कुत्रेसुद्धा. माझी पिशवी चारी बाजूंनी बंद आहे. तिच्यात हवादेखील जात नाही, मग मांत्रिकाचा हात कसा जाईल? दोन्ही तोंडांना कुलूप लावू. आत गेलेले शेण तीन आठवड्यांत अशा रूपात बाहेर येते की, ते ज्याचे होते त्या बैलासही ओळखता येणार नाही."

कुकांनी बराच वेळ ऊस चावला. "कुलूप कोणाचं?"

"शाळेचे."

"किल्ली माझ्याकडे."

"तुमच्याकडे."

"आणि झुंज होईपर्यंत जाळायचं नाही. एक ठिणगी नाही. बैलाची ताकद आहे ती. झुंजीआधी तू चहासाठी जाळलीस, तर तो मैदानात काय घेऊन उतरेल? गॅसच्या तोटीलाही कुलूप."

मी मान्य केले. मान्य केल्यानंतर घरी येऊन दिनदर्शिका पाहिली. झुंज पालकदिनाच्याच शनिवारी होती: झुंज सकाळी सातला, चहा दहाला. म्हणजे ज्योत एकदाही पेटवून न पाहता ती दोनशे डोळ्यांसमोर प्रथमच पेटवावयाची. दुसरा कोणी असता तर खचला असता. मी वर्गास सांगितले की, खऱ्या विज्ञानास रंगीत तालीम लागत नाही.

त्यानंतर रोज सकाळी कुका बादलीवर केळीचे पान झाकून, वर छत्री धरून येत. कुलूप उघडत. मुले समप्रमाण पाणी घालून काठीने कालवीत. शेवटचा थेंब आत गेला की कुका चहूकडे पाहून कुलूप लावीत. पिशवीच्या पाठीवर आम्ही पाण्याची एक बाटली जोडली होती. गॅस अधिक झाला की तो तीतून बुडबुडे काढीत निघून जातो. चौथ्या आठवड्यात बाटली प्रथम बोलली: बुडुक. अकराही विद्यार्थी नाचू लागले. कुका बाटलीस कान लावून म्हणाले, "टिंगाटिंगाच आहे. गोठ्यातही असाच बोलतो."

मी त्या दिवशी जिवाणूंवर दीड तास व्याख्यान दिले. तासाच्या शेवटी सेल्फाने विचारले, "म्वालिमू, शनिवारी जर बैल हरला, तर?"

हा प्रश्न मीही स्वतःस विचारला नव्हता. बैल हरला, तर कुका म्हणणार की शाळेने ताकद चोरली, आणि किल्ली नदीत जाणार. "आपला विषय ऊर्जा आहे," मी म्हणालो, "झुंज नव्हे." परंतु तेव्हापासून मी रोज घरी जाताना टिंगाटिंगासाठी उसाचे एक कांडे कुंपणावरून टाकीत असे. विज्ञानाच्या दृष्टीने तो कच्चा मालच होता.

पालकदिन उजाडला. मैदानाकडून पहाटेपासून इसुकुटी ढोलांचा आवाज येत होता. शाळेत साठ पालक, संचालक मंडळाचे अध्यक्ष श्री. झाब्लोन मुकाबाने आणि त्यांचे अकरा पानी भाषण दाखल झाले. नऊ वाजता ढोल थांबले. साडेनऊ झाले. दहा झाले. आमच्याकडील बैल काही वेळा तास-तास एकमेकांकडे नुसतेच पाहत राहतात. हा त्यांचा हक्क आहे, परंतु चहा थांबतो.

"हेझ्रॉन, पेटवा," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"मॅडम, किल्ली झुंजीवर आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. शिवणवर्गाच्या बाईंनी मात्र माझ्या मुलांची कंबर नजरेने मोजावयास सुरुवात केली. कुखू म्बोने यांनी शांतपणे लाकडांची मोळी चुलीपाशी आणून टाकली. "मी आहे हं, पोरा," त्या म्हणाल्या. त्या दयेने जेवढे लागले, तेवढे टोमण्याने लागले नसते.

साडेदहाला ढोल पुन्हा सुरू झाले. हरलेल्या बैलापुढे ढोल वाजत नाहीत. ते ढोल आधी टेकडीपलीकडे होते, मग रस्त्यावर आले, मग वळणावर आले. वळणावरून एक वाट इडाखोवाल्यांच्या नदीकडे जाते आणि एक आमच्याकडे. ढोल आमच्याकडे वळले.

जिंकलेल्या बैलामागून निदान दीडशे माणसे नाचत येतात आणि त्यांना मालकाने खाऊपिऊ घालावयाचे असते, ही आमची रीत आहे. कुकांचे घर शाळेला लागून. आणि शाळेत चहा आहे, हे कोणीतरी त्यांना सांगितले होते. टिंगाटिंगा फाटकातून आत आला, मागून सारी मिरवणूक आली. साठ माणसांच्या चहास माणसे दोनशेवर गेली. कुका गळ्यातील किल्ली उंच धरून ओरडले, "पेटव रे म्वालिमू! आता जाळ हवी तेवढी!"

त्यांनी कुलूप काढले. स्वयंपाकघरापुढे उन्हात मांडलेल्या शेगडीस मी काडी ओढून लावली.

काहीच झाले नाही. दुसरी काडी लावली. पाचवी लावली. ढोल एकेक करून बंद पडले. पिशवी तट्ट फुगलेली होती, म्हणजे गॅस होता. परंतु शेगडीपर्यंत येत नव्हता. मला प्रशिक्षणाचे चारही दिवस क्रमाने आठवले, आणि त्यांत हे नव्हते.

"म्वालिमू!" सेल्फा आवाराच्या मध्यातून ओरडली. "इकडे बघा!"

पिशवीपासून स्वयंपाकघरापर्यंत नळी आम्ही खांबांवरून ताठ, उताराने नेली होती. आदल्या दिवशी गायनवृंदाचे चोवीस झगे धुण्यात आले होते आणि मुख्याध्यापिकांच्या आज्ञेवरून त्यांना 'नवी दोरी' मिळाली होती. ओल्या झग्यांच्या भाराने नळीस मध्येच झोळ पडला होता आणि त्या झोळात पाणी साचून वाट बंद झाली होती. "गॅस ओला असतो, पाणी खोलगटात थांबतं, तुम्हीच लिहून दिलंय," सेल्फा म्हणाली. मुलांनी चोवीस झगे उतरविले, नळीचा सांधा सोडून पाणी काढले, नळी पुन्हा ताणली. मुख्याध्यापिका त्या वेळी आकाशाकडे पाहत होत्या.

मी काडी लावली. हलकेच 'फुस्स' असा आवाज झाला. आणि दिसले काहीच नाही.

"नाहीच पेटली," अध्यक्ष म्हणाले. "पुरे झाला खेळ, लिहांडाबाई. मी भाषण सुरू करतो." आणि चष्मा काढण्यासाठी त्यांनी हातातील कागद शेगडीवर ठेवले.

शुद्ध गॅसची ज्योत निळी असते आणि लख्ख उन्हात ती दिसत नाही. हे मी तिसऱ्या धड्यात सांगितले होते. परंतु अध्यक्ष त्या वर्गात नव्हते. अकराही पाने एकदम भडकली. आणि जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तसा त्या प्रांगणात कोणत्याही भाषणास कधी झाला नव्हता. कुखू म्बोने पुढे आल्या, त्यांनी शेगडीवर हात धरून पाहिला, मग नाक जवळ नेले.

"धूर नाही," त्या पुटपुटल्या. पुन्हा वास घेतला. "आणि शेणही नाही. ए पोरींनो, बघता काय? पातेलं आणा!"

पहिले पातेले उकळले. दुसऱ्या पातेल्याच्या मध्यास ज्योत खाली बसू लागली. पिशवी सैल पडून दाब कमी झाला होता. सेल्फाने मला न विचारता निर्णय घेतला. तिने जमावात नजर फिरविली आणि जड माणसे निवडली. "तुम्ही, कुका. आणि अध्यक्षसाहेब, तुम्हीसुद्धा. पिशवीवर बसा. उड्या मारू नका, नुसते बसा. चपला काढून." संचालक मंडळाचे अध्यक्ष आणि टिंगाटिंगाचे मालक पिशवीवर शेजारी शेजारी बसले. ज्योत वर आली. ते बसलेले असताना ती मुलगी दोनशे माणसांना सांगत होती की, आत काय कुजते, त्यातून काय निघते, आणि दाब म्हणजे काय. तिने एकही अवघड शब्द वापरला नाही. मी मध्ये बोलणार होतो. परंतु लोक ऐकत होते.

चहा प्रत्येकाच्या वाट्यास दोन घोट आला. मुख्याध्यापिकांनी आपला पेला रिकामा केला आणि वहीत काहीतरी लिहिले. "उकळला," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून भांडाराच्या किल्ल्या दरवानाकडे द्या, म्वालिमू."

मला जे काही वाटले, ते मी चेहऱ्यावर येऊ दिले नाही. शिक्षकास ते शोभत नाही.

एवढ्यावर थांबलो असतो, तर माझा मान अबाधित राहिला असता. परंतु सत्य सांगितलेच पाहिजे. जिवाणूंवरील माझ्या दीड तासाच्या व्याख्यानानंतरही त्या दिवशी लोकांनी तो चहा बैलाची ताकद म्हणून प्यायला. एका वृद्धाने गुडघा बरा झाल्याचे जाहीर केले. पुढील सत्रात माझ्या विषयास अकराऐवजी त्रेचाळीस अर्ज आले आणि त्यांतील एकोणतीस अर्जांत विषयाच्या नावापुढे 'टिंगाटिंगा' असे लिहिले होते.

पहिल्या तासाला पहिल्या बाकावर नवी वही घेऊन कुका शिवाची बसले होते. वय एकाहत्तर. मी प्रवेशाचा नियम पाहिला; वयाची मर्यादा लिहिण्याचे कोणास सुचले नव्हते. मी शीर्षक लिहिले. या वेळी ते एका ओळीत मावले. कुकांनी हात वर केला.

"म्वालिमू, इडाखोवाल्यांनी निरोप धाडलाय. हरल्यापासून त्यांनाही आपलं शेण याच पिशवीत ठेवायचंय, म्हणतात इथं सुरक्षित असतं. मी हो म्हणणार होतो. पण एक सांग. दोघांचं शेण एकाच पिशवीत, वरून कुलूप. आत झुंज लागली तर सोडवायला कोण जाणार?"

वर्गातील त्रेचाळीस चेहरे माझ्याकडे वळले. उत्तर मला अर्थातच ठाऊक होते. तथापि शिक्षकाने प्रत्येक उत्तर स्वतःच देणे हे शिक्षणशास्त्रास धरून नाही. मी तो प्रश्न शुद्ध भाषेत फळ्यावर लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या, आणि संपूर्ण वर्गास गृहपाठ म्हणून दिला.